बारा हजार वॉटचा डबा

पवन जिजाजींनी मला दुकानात नेलं ते सल्ला घ्यायला नव्हे, साक्षीला. साळी, म्हणजे बायकोची बहीण, म्हणजे मी, फिजिक्समध्ये एम.एस्सी. आहे हे दुकानदाराला कळलं की तो फसवणार नाही, असा त्यांचा हिशोब. निर्णय आधीच झालेला होता. ज्या डब्यावर सगळ्यात मोठा आकडा असेल तो घ्यायचा.

त्या वर्षी बालाघाटात होम थिएटरची साथ आली होती. ज्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत धड पंखा फिरत नव्हता तेही 'फाइव्ह पॉइंट वन' असं म्हणायला शिकले होते. पाच लहान स्पीकर, आणि 'पॉइंट वन' म्हणजे सबवूफर, खालचे जाड आवाज काढणारी पेटी. जिजाजी सरकारी खात्यात सब-इंजिनिअर. त्यांच्या वरच्या पुनाराम साहेबांकडे आठ हजार वॉटचा सबवूफर आला, तेव्हापासून जिजाजींचं जेवणात लक्ष नव्हतं.

माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीत होतं. माझी मोठी बहीण आनंदी, म्हणजे जिजाजींची बायको, राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झाली होती. मुख्य परीक्षा पावसाळ्यानंतर होती. सासूबाईंनी, मैनाबाईंनी, तिला एवढं एकच वर्ष दिलं होतं. लग्नाच्या बोलीसारखी ती गोष्ट ठरली होती: झालं तर झालं, नाही तर पुस्तकं बांधून माळ्यावर आणि मग लेकरू. ताई बैठकीच्या मागच्या लहान खोलीत अभ्यास करायची. मध्ये चार इंची भिंत. तिचं टेबल त्याच भिंतीला लागून, कारण दुसऱ्या भिंतीला तांदळाच्या कोठ्या होत्या.

जाड आवाज भिंत मानत नाही. बारीक आवाज अडतो, परततो, पडद्यात मुरतो. जाड आवाज भिंतीलाच हलवतो आणि पलीकडे निघतो. हे मला माहीत होतं, म्हणून मी दुकानात गेले.

दुकानदार पियुष आमच्याच वयाचा, केसांना जेल लावलेला. त्यानं दोन पेट्या समोर ठेवल्या. पहिली कमरेइतकी उंच, चकचकीत, पुढे निळे दिवे, आणि चांदीच्या अक्षरांत आकडा: बारा हजार.

"मॅडम, ये देखो. पूरा बारा हज़ार वॉट."

मी पेटी एका हातानं उचलली. ती सहज उठली. मागे फ्यूज पाहिला, दीड अँपिअरचा.

"जिजाजी, बारा हजार वॉटले पन्नासच्या वर अँपिअर लागतेत. हा फ्यूज दीडचा आहे. तुमच्या घराचं मीटर जळून जाईन."

"मंग जळून राह्यलं का इथं? नाही ना? म्हणजे माल पक्का आहे."

पियुषनं मान डोलावली. "मॅडम, ये पीएमपीओ है."

"त्याचा अर्थ काय?"

"मतलब... पावर."

अर्थ असा की एखाद्या क्षणाच्या हजाराव्या भागात, कुठल्याही यंत्रावर न मोजलेली, कंपनीच्या छापखान्यात जन्मलेली शक्ती. या मोजमापानं माझी आजीसुद्धा पहिलवान ठरली असती.

दुसरी पेटी बुटकी, काळी, चारी बाजूंनी बंद, दिवाबिवा काही नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं: एकशे वीस वॉट. मला ती दोन्ही हातांनी जेमतेम सरकवता आली. पियुषनं नाखुशीनंच ती लावून दाखवली. दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर थरथरलं. आवाज कानात नाही, आधी छातीच्या हाडात आला. खरी वस्तू होती ती. मला ती फार आवडली आणि लगेच ताईची भिंत आठवली.

"बोल वो सायंटिस," जिजाजी म्हणाले, "कोणता?"

आता खरं बोलायचं तर काळी पेटी. ताईचं भलं पाहायचं तर निळ्या दिव्यांचा डबा, कारण त्या पातळ प्लायवुडच्या खोक्यात भिंत हलवायची ऐपत नव्हती. पण जिजाजींना मी चार वर्षांपासून ओळखत होते.

"काळी घ्या," मी म्हटलं. "ती खरी आहे. दुसरा नुसता डबा आहे."

"एकशे वीस?" जिजाजी पियुषकडे पाहून हसले. "पुनाराम साहेबाकडं आठ हजार, आन् मी एकशे वीस घेऊन जाऊ? लोक आकडा वाचतेत, साळीबाई. आतमधलं कोण पाहाते?"

"इंजिनिअरनं पाहावं."

"इंजिनिअर ऑफिसात. इथं गिऱ्हाईक आहो." मग पियुषला, "ये बारा हज़ार वाला पैक करो."

खऱ्याला तिथं गिऱ्हाईक नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा आनंद झाला.

डबा ऑटोनं घरी आला. जिजाजींनी तो टीव्हीच्या बाजूला कोपऱ्यात बसवला आणि सोफा खोलीच्या बरोबर मधोमध ओढला, म्हणजे दारातून आत येणाऱ्याला पहिले ते दिसावेत, मग निळे दिवे. सोफ्याच्या मागे जायला यायला वाट ठेवली, आणि वाटेच्या मागे ताईची भिंत. मैनाबाईंनी डब्यावर क्रोशाचा रुमाल पांघरला. तो आवाज बाहेर यायच्या भोकावर लोंबत होता. कोणी काढला नाही.

गोळीबाराचा सिनेमा लागला. जिजाजी मांडी घालून सोफ्यावर बसले.

"येऊन नाही राह्यला," ते म्हणाले आणि रिमोट दाबला. "बारा हजार आहेत ना हे? काहून येऊन नाही राह्यला?" आणखी दाबला.

मी मागच्या खोलीत गेले. ताईच्या टेबलावर पेनं ठेवायचा स्टीलचा ग्लास होता. तो वाजत होता.

निकृष्ट वस्तू निरुपद्रवी असते असं मी धरून चालले होते. तसं नसतं. चांगली पेटी प्रत्येक आवाज त्याच्या त्याच्या उंचीनं काढते आणि थांबते. या डब्याला एकच सूर येत होता. बंदूक चालली तरी तोच, ढोल वाजला तरी तोच, बातम्या देणारा खाकरला तरी तोच. भुंऽऽम. आणि तो लवकर थांबायचाही नाही.

"काय घेऊन आलीस वो आमू?" ताई म्हणाली. "याच्यापेक्षा म्हैस आणली असती, तर दूध तरी भेटलं असतं."

त्या दिवसांत लाइटचा भरवसा नव्हता. संध्याकाळी लाइट आली की घरात दोन गोष्टी एकदम सुरू व्हायच्या: ताईचं पुस्तक आणि जिजाजींचा सिनेमा. ताईनं कानात कापूस घालून पाहिला. कापसानं जिजाजींचं बोलणं बंद झालं, एवढाच फायदा; भुंऽऽम टेबलातून कोपरात यायचा. ती एकच पान तीनदा वाचायची. आठवडाभरानं तिनं नवऱ्याला सांगितलं.

"मी कुठं वाढवून राह्यलो?" जिजाजी खरोखर दुखावले. "मलेच ऐकू येत नाही. पियुषनं फसवलं वाटते."

यात त्यांची लबाडी नव्हती. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं, आणि हीच गोष्ट मला खटकली. कपाट वाजत होतं, ताईचा ग्लास वाजत होता, मग मालकालाच कसं ऐकू येत नाही? मी सिनेमा चालू ठेवला आणि टीव्हीपासून मागच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत गेले. टीव्हीजवळ भरपूर. पुढे कमी. सोफ्यापाशी जवळजवळ काहीच नाही. मागच्या भिंतीला डोकं टेकवलं तर डोकं भरून गेलं. खोली बारा फुटांची होती, आणि डब्याचा तो एकुलता सूर बारा फुटांत बरोबर अर्धी लाट बसेल असा. बारा फुटांत जिथं तो ऐकू येत नाही अशी एकच जागा होती, मधोमध. त्या जागी प्रतिष्ठेनं सोफा नेऊन ठेवला होता.

मी स्वयंपाकघरातून परात आणली, पाणी ओतलं आणि जिजाजींसमोर हलवली.

"पाहा. पाणी कुठं चढते?"

"काठाले."

"अन् मधात?"

"मधात... जागेवर आहे."

मैनाबाई भाजी निवडत होत्या. "म्हणजे पवन मधात बसला. कोरडाच्या कोरडा," त्या म्हणाल्या.

"हौ मावशी. म्हणून ते आवाज वाढवतेत अन् तो सगळा काठाले जाऊन आपटते. ताईच्या भिंतीले."

जिजाजी उठले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे बापा! आहे ना हे! बारा हजार आहे पक्का!"

आम्ही सोफा भिंतीला लावला. तिथं त्यांना इतकं ऐकू येऊ लागलं की त्यांनी आपणच आवाज कमी केला. पार खाली आणला. मागच्या खोलीत ग्लास गप्प झाला. ताईनं त्या आठवड्यात संविधानाचा पूर्ण भाग संपवला आणि मला म्हणाली, "तुह्या शिक्षणाचा पहिला उपयोग झाला." मी ते कौतुक समजून घेतलं.

रविवारी पुनाराम साहेब सपत्नीक आले. दारात उभे राहिले, खोलीच्या मोकळ्या मध्यावर नजर फिरवली, मग भिंतीला लागलेल्या सोफ्याकडे आणि त्यावरून घाईनं उठणाऱ्या जिजाजींकडे पाहिलं.

"काय पवन, वेटिंग रूम काढली का घरात?" साहेब हसले. "भिंतीले टेकून तर आपल्या ऑफिसात अर्जवाले बसतेत."

साहेबांच्या पत्नीही हसल्या. जिजाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. चहा झाला, सिनेमाचा तुकडा झाला, साहेबांनी निळ्या दिव्यांना हात लावून पाहिला आणि "आकडा तर जोरदार आहे" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईकडे गेले तेव्हा सोफा पुन्हा मधोमध होता आणि ग्लास वाजत होता.

"जिजाजी, मधात ऐकू येत नाही. तुमीच पाह्यलं ना?"

"पाह्यलं."

"मंग?"

"मले नाही आलं तरी चालते," ते शांतपणे म्हणाले. "येणाऱ्याले आलं पाहिजे. अन् येणाऱ्याले मी दिसलो पाहिजे."

एवढं स्पष्ट विधान मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं, कारण त्यात चूकच नव्हती. चुकीची माहिती असलेल्या माणसाला परात दाखवता येते. हा माणूस परात पाहून, समजून, कोरडा बसला होता.

"पण ताईची परीक्षा?"

"अभ्यास करणारा रेल्वे स्टेशनवर पण करते," जिजाजी म्हणाले. "मन लागाले पाहिजे. आमी नाही केला डिप्लोमा?"

मागच्या खोलीचं दार उघडलं. ताईच्या एका हातात पुस्तकांची पिशवी होती, दुसऱ्यात कपड्यांची. स्टेशनचं वाक्य तिनं ऐकलं असणार. तेवढा सूर चार इंची भिंतीतून आरामात येत होता.

"आई," ती मैनाबाईंना म्हणाली, "मी माहेरी चालली. परीक्षा झाली की येतो. कोठीवर पीठ दळून ठेवलं आहे."

मैनाबाईंनी भाजीवरून मान वर केली. त्यांनी मुलाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या. "छत्री घेऊन जाजो," एवढंच म्हणाल्या.

जिजाजी उठले. उठताना त्यांनी सिनेमा थांबवला नाही. "हे काय लावलं आनंदी? दोन महिने? पुनाराम साहेबाची बायको विचारन. मोहल्ल्यातले विचारतीन. लोक काय म्हणतीन?"

ताईनं पिशवी माझ्याकडे दिली आणि चपला पायात सरकवल्या.

"आवाज वाढवा ना," ती म्हणाली. "मंग नाही ऐकू येत."

आम्ही बाहेर पडून ऑटोत बसलो. ऑटोवाल्यानं कुठं जायचं विचारलं तेव्हा ताईनं पत्ता मला सांगायला लावला, कारण ती पिशवीत हात घालून कालचं पान शोधत होती.