शंखाला येणारा वास

मी एक जुना शंख आहे मित्रांनो, आणि स्वभावाने जरा भित्रा आहे. शंख म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रणांगण येत असेल. मी मात्र भोपाळच्या नेहरू नगरातल्या एका देवघरापलीकडे फारसं काही पाहिलेलं नाही.

माझा जन्म समुद्रात झाला. माझ्या पोटात एक मऊ जीव राहत असे. तो गेला, लाटांनी मला वाळूवर आणून टाकलं आणि रामेश्वरच्या एका कारागिराने माझं टोक कापून मला वाजता केलं. मधुकरराव आणि मालतीबाई लग्नानंतर तिथे यात्रेला आले होते. त्यांनी मला घरी आणलं.

घरात पूजेचा शंख वेगळा होता. त्याला रोज गंध-फूल मिळे, पण त्याला कुणी तोंड लावत नसे. मी वाजवायचा शंख, माझी जागा खालच्या पाटावर. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सकाळच्या आरतीआधी मधुकरराव मला ओठांना लावत आणि माझा आवाज पार दूधवाल्याच्या दुकानापर्यंत जाई. शेजारचे विजयकाका हसून म्हणत, "मधुकरजी, तुमच्या शंखामुळे आमच्या घरात अलार्मचं कामच उरलं नाही."

मधुकररावांचा वरचा एक पुढचा दात काळपट होता. कॉलेजात असताना त्यावर क्रिकेटचा चेंडू बसला होता. दुखत नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. गेल्या श्रावणात मात्र तो असा ठणकू लागला की ओठ सुजला आणि माझं वाजणं बंद पडलं. मालतीबाई फार नेमाच्या. त्यांनी गणपतीपुढे पदर पसरला, "यांचं दुखणं थांबू दे रे बाबा. मी वर्षभर अळणी संकष्टी करीन."

आठवडाभरात दुखणं थांबलं. मालतीबाईंनी पेढे वाटले आणि बोलल्याप्रमाणे अळणी उपास धरले.

मग एके सकाळी मधुकररावांच्या श्वासाबरोबर काहीतरी खारट, सडकं माझ्यात उतरलं. मी दचकलो. दुसऱ्या दिवशीही तेच. मला धुताना मालतीबाईंनी नाक मुरडलं.

"अहो, शंखाला वास येतोय."

"समुद्रातला प्राणी तो. आत काही राहिलं असेल."

"इतकी वर्षं कुठे होता मग हा वास?"

"म्हातारा झाला बिचारा. माझ्यासारखा."

मला चिंचेने घासलं, मिठाच्या पाण्यात बुडवलं, गच्चीवर उन्हात ठेवलं. आरती झाली की वास पुन्हा हजर! शेवटी मला फडक्यात गुंडाळून देवघरासमोरच्या कपाटावर ठेवलं आणि जवाहर चौकातून नवा शंख आला.

मित्रांनो, टाकून दिल्याचं दुःख मला होतंच, पण भीती त्याहून मोठी होती. त्यांचा वरचा ओठ माझ्यावर टेकायचा तेव्हा आतला फुगवटा मला जाणवायचा, आणि तो वाढत होता. हे मला ठाऊक होतं. पण फुंकणाऱ्याच्या श्वासावाचून शंखाला आवाज कुठला?

सुटीत त्यांची नात सई शाहपुऱ्याहून राहायला आली. तिने आधी मला फडक्यातून काढून हुंगलं, मग हौसेने नवा शंख तोंडाला लावला आणि लगेच दूर धरला.

"ईऽऽ आजी! यालापण घाण वास येतोय. सेम तोच!"

मालतीबाईंनी शंख हुंगला. मग मधुकररावांपुढे जाऊन म्हणाल्या, "अहो, जरा ओठ वर करा बघू."

"का? आता मलाही चिंचेने घासणार?"

"वर करा म्हणते ना!"

काळपट दाताच्या वर हिरडी फुगली होती. तिच्यावर पांढऱ्या तोंडाची एक पुळी होती.

"हे कधीपासून?"

"असेल बरेच दिवस. फुटते, बसते. दुखत नाही ना, मग झालं तर."

"उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं."

"तू एवढे अळणी उपास केलेस, देवाने बरं केलं. आता डॉक्टरकडे जाऊन देवाला खोटं पाडायचं का?"

मालतीबाईंचा चेहरा उतरला. हीच भीती त्यांच्याही मनात असावी. त्यांनी गणपतीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मी दुखणं थांबावं एवढंच मागितलं होतं. त्याने तेवढं दिलं. आता सद्बुद्धी मागते. चला तुम्ही."

डॉक्टरांकडून परत आल्यावर मालतीबाईंनी सईला एक्स-रे दाखवला. दाताच्या मुळाच्या टोकाशी बोराएवढा काळा गोल होता.

"डॉक्टर अमृता म्हणाल्या, ही मुळाशी झालेली गाठ आहे. आत पाणी भरलेली पिशवीच म्हण. चेंडू लागला तेव्हाच दाताची नस मेली होती. पुढे मुळाशी पू झाला, तेव्हा ठणका लागला. त्या पुळीतून पूला वाट मिळाली आणि ठणका थांबला. आजार तिथेच राहिला. पिशवी वाढत गेली आणि हाड झिजत गेलं."

"मग आजोबांचे सगळे दात पडणार?"

"आणखी थांबलो असतो तर शेजारचेही हलले असते, म्हणाल्या. हाड पापडासारखं पातळ झालंय."

मी स्वतः पोकळ आहे मित्रांनो, म्हणून तर वाजतो. पण माणसाच्या जबड्यात पोकळी!

आधी दाताचं मूळ आतून साफ करून भरलं. गाठ लहान असती तर कदाचित तेवढ्यावर निभावलं असतं. ही मोठी होती, म्हणून भूल देऊन हिरडी उघडली, पिशवी काढली आणि टाके घातले. पिशवी तपासायला पाठवली. तो अहवाल येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. अहवालात वाईट काही निघालं नाही. मालतीबाईंनी मला खाली घेतलं, धुतलं आणि पुटपुटल्या, "तुझ्यावर उगाच आळ घेतला रे." हाड भरायला काही महिने लागतील, तोवर शंख फुंकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मी आनंदाने मुका राहिलो आहे.

आज सकाळची गोष्ट. परवा सायकलवरून पडून सईचा पुढचा दात आपटला होता. बिचारी रात्रभर रडली होती. आज ती देवघरात येऊन हसत म्हणाली, "आजी, अब टेन्शन नहीं. दात दुखायचा थांबला!"

मालतीबाईंच्या हातातली घंटा थांबली. निरांजन तेवत होतं, आरती अर्धीच झाली होती. नेम मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घंटा मधुकररावांच्या हातात दिली, पायांत चपला सरकवल्या आणि सईचा हात घट्ट धरला.

"चल."

"अगं पण दुखत नाहीये!"

"म्हणूनच चल."

मित्रांनो, दाताला मार लागला, त्याचा रंग बदलला, हिरडीवर पुळी आली, तर ती दाबू नका, शेकू नका आणि लपवू तर मुळीच नका. दुखायचं थांबलं, तरी घरच्यांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा. मला सांगता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

मधुकररावांनी एकट्याने आरती पुरी केली आहे. त्या दोघी अजून परतल्या नाहीत. मी पाटावर पडून फाटकाची कडी वाजायची वाट पाहतो आहे.