ठोंबऱ्याची टोपली

मित्रांनो, जळकोटच्या माळावर बाभळीच्या विरळ सावलीत उभा असलेला मी एक वृद्ध देवणी वळू आहे. अंगाने पांढरा आणि तोंडाने काळा, म्हणून माझे नाव वानऱ्या. पोळ्याच्या दिवशी तुम्ही टोपली घेऊन येता, तेव्हा मी मागे सरतो. तुम्हांला तो माझा माज वाटतो. मित्रांनो, ती भीती आहे.

गावच्या दूध संस्थेने गाईंसाठी एक जातिवंत वळू ठेवायचे ठरवले, तेव्हा मी आणि नंदी असे दोन गोऱ्हे आणले गेले. आम्ही एकाच बापाचे. वळूला धान्य घालून वाढवावे की गवतावर, यावर संस्थेत मोठा वाद होता. शेवटी नंदीला अध्यक्ष वसंतरावांच्या गोठ्यात सरकी पेंड आणि मक्याचा भरडा सुरू झाला. मला माणिकप्पा आणि गंगम्मा या दांपत्याच्या स्वाधीन केले. ते मला डोंगरउतारावर चारत. पवना आणि मारवेल या गवतांची गोडी अजून माझ्या जिभेवर आहे.

मात्र एक अट होती. दोघांपैकी एकच वळू राहणार, दुसऱ्याला खोड्यात उभा करून, चिमटा लावून खच्ची करणार आणि बैल म्हणून औताला जुंपणार. तो लाकडी खोडा गुरांच्या दवाखान्यासमोर होता. पाण्यावर जाताना मला त्याच्याजवळून जावे लागे. त्याच्या खांबांना चिकटलेले केस पाहून मी वाट सोडून दूर सरे.

आणि त्याच वर्षी आभाळाने पाठ फिरवली. श्रावण कोरडा गेला. डोंगर करपला, गवताची मुळेही उपटून खाल्ली गेली. माझ्या बरगड्या वर आल्या. नंदी मात्र तेल लावल्यासारखा चमकत होता. पोळ्याला शिंगे रंगवून आम्हांला मारुतीपुढे नेले, तेव्हा वसंतराव हसून म्हणाले,

"माणिकप्पा, शिंगं तेवढी दिसत्यात. बैल कुठं ठेवलाय?"

लोक हसले. माणिकप्पा म्हणाला, "मालक, औंदा माणसंबी अशीच हायत. तुमी सोडून."

लोक पुन्हा हसले, पण गंगम्मा हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यांसमोर निवड व्हायची होती.

निवडीच्या दिवशी पहाटे माणिकप्पा पाण्यासाठी दूरच्या विहिरीवर गेला असता गंगम्मा टोपली घेऊन आली. टोपलीत ठोंबरा होता, म्हणजे शिजवलेली ज्वारी. आमच्या भागात पोळ्याला बैलांना तो मानाने घालतात, पण मूठभर. गंगम्माने घरातली होती नव्हती ती सगळी ज्वारी शिजवली होती.

"खा रं बाळा," ती माझ्या गळ्याला हात घालून म्हणाली. "आज बारीक दिसलास तर तुला चिमटा लावत्याल. आमचं काय, दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळतीया."

मी क्षुधेने व्याकूळ होतो. जन्मात इतके धान्य माझ्या तोंडाला लागले नव्हते. मी टोपली चाटूनपुसून रिकामी केली.

ऊन चढले आणि माझ्या पोटात काहीतरी फुगू लागले. रवंथ थांबला. डावी कूस ताठ झाली, श्वास कोंडू लागला. मित्रांनो, भीती बाहेरून आली तर तिच्यापासून पळता येते. ही भीती माझ्याच पोटात वाढत होती.

एवढ्यात माणिकप्पा पाणी घेऊन परतला आणि मंडळीही आली. वसंतरावांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"आरं वा! एका रात्रीत कसा काय भरला हा? माणिकप्पा, जादू केली काय?"

पशुवैद्यांनी माझ्या डाव्या कुशीवर बोटे आपटली. ढोलासारखा आवाज आला.

"वसंतराव, हे मांस नाही, हा वायू आहे. गोडेतेल आणा, लवकर!"

गंगम्मा तिथेच खाली बसली. "म्याच घातलं, डाक्टर. ठोंबरा घातला. म्याच मारलं ह्याला!"

"रडू नका, त्याचं तोंड धरा," पशुवैद्य म्हणाले.

माझे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवले. तोंडात लिंबाची काठी आडवी बांधली. घशात तेल ओतले. गंगम्माने माझा जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. बऱ्याच वेळाने एक दीर्घ ढेकर आली, आणि मला पुन्हा आकाश दिसले.

मग नंदीची पाळी आली. त्याला चालवले, तेव्हा तो निखाऱ्यावर पाय ठेवावा तसा चालला. अति धान्याने त्याच्या खुरांना आतून सूज आली होती. चार पावलांवर तो बसला, तो उठेचना.

"जो मागच्या पायांवर उभा राहू शकत नाही, तो वळू कसा होणार?" पशुवैद्यांनी हळूच विचारले. वसंतराव नंदीच्या चमकत्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखा भरवला होता.

मी वाचलो. पण त्याच आठवड्यात खोड्यातून माझ्या भावाचा हंबरडा मी ऐकला. तो आवाज एकदाच उठला आणि थांबला. नंदीचा अपराध कोणता? पुढे ठेवलेले त्याने खाल्ले. मीही तेच केले होते.

पुढे पाऊस आला, गवत आले, आणि माझी संतती या पंचक्रोशीत पसरली. गंगम्मा मात्र वैरण टाकण्यापूर्वी माझ्या डाव्या कुशीवर हात ठेवल्याशिवाय कधी राहिली नाही. आता ती नाही, आणि माझी कूस कोणी चाचपत नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. धान्य विष नव्हे, पण आमचे पोट गवतासाठी घडले आहे. धान्य थोडे द्यावे, हळूहळू वाढवावे, वैरणीसोबत द्यावे. मुक्या जीवाला नको म्हणता येत नाही. त्याच्यासाठी ते तुम्हांलाच म्हणावे लागते.

पोळ्याला अवश्य या. माझ्या कपाळाला कुंकू लावा, मूठभर ठोंबराही द्या. पण आधी टोपली खाली ठेवा आणि माझ्या डाव्या कुशीवर हात ठेवा. मग मी मागे सरणार नाही.