चाळीस सेंटिमीटर खचलेली इमारत

इमारतीसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीत उंचीबाबा बसले होते, डोळ्यांवर काळी पट्टी. चर्मचक्षूंनी पाहिलं की आतली दृष्टी मंदावते, असं त्यांचं म्हणणं.

"मजल्यांना जागं करा," बाबा म्हणाले. "एका मजल्यामागे एक टोला."

शिष्यानं घंटेवर सात टोले दिले. बाबा थरथरले, घुमले आणि म्हणाले, "साडेबावीस मीटर."

सोसायटीच्या सेक्रेटरीनं नकाशा उलगडला. त्यात बावीस पूर्णांक नऊ होते. बाबा गालातल्या गालात हसले. "नकाशाही खरा आणि मीही खरा. मधले चाळीस सेंटिमीटर जमिनीनं गिळले. वरच्या मजल्याचा भार काढा, नाहीतर सगळेच आत जाल."

वरच्या मजल्यावर गणिताच्या बाई आणि त्यांचे यजमान राहत. उभ्या हयातीत झालेलं ते एकच घर. ते धोक्याचं घर शिष्यानं मोठ्या मनानं स्वतःवर घेतलं, बदल्यात आपली तळमजल्याची खोली देऊ केली. साधनेमुळे त्याचा भार म्हणे जमिनीला लागतच नव्हता.

यजमानांनी खिशातून किल्ली काढली.

"अहो, ठेवा ती आत," बाई म्हणाल्या.

"अगं, जीव मोठा की घर? बाबा न बघता उंची सांगतात. तुला फूटपट्टी लागते."

बाईंनी किल्लीवर हात ठेवला. किल्ली एकदा गेली की परत यायची नाही. त्यांनी मनात काहीतरी हिशेब जुळवला आणि बाबांना नमस्कार केला.

"बाबा, मागच्या अंगणात अजून एक पाचमजली आहे. तिचंही बघता का?"

बाबांना दंडाला धरून त्या मागे घेऊन गेल्या. गर्दी मागोमाग आली आणि पाहते तर काय, समोर सोसायटीच्या प्लंबरचं कबुतरांचं खुराडं. कप्प्यावर कप्पा असे पाच, उंची कमरेइतकी. शिष्य गर्दीत मागेच अडकला होता. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्चीजवळून आणलेल्या घंटेवर पाच टोले दिले.

"साडेसोळा मीटर," बाबा घुमत म्हणाले. "ही तर जास्तच खचलीय. रहिवाशांची कुजबुज ऐकू येतेय मला. भेदरलेत बिचारे."

"हो, फार दाटीवाटीनं राहतात. त्यांनी काय करावं?"

"वरच्या मजल्यावरच्यांनी आजच्या आज घर सोडावं."

वरच्या मजल्यावरचा एक रहिवासी फडफडत आला आणि बाबांच्या डोक्यावर बसला. अख्खं अंगण हसायला लागलं. बाबांनी पट्टी ओढून काढली. खुराडं मागच्या जन्मी साडेसोळा मीटरच होतं, असं शिष्य सांगत होता, पण ऐकतो कोण.

"सात टोले, सात त्रिक एकवीस," बाई म्हणाल्या. "वर जोत्याचा आणि कठड्याचा दीड. पाच टोले, पाच त्रिक पंधरा, वर तोच दीड. राहत्या इमारतीचा मजला साधारण तीन मीटरचा असतो, म्हणून अंदाज जवळपास बसतो. अंदाज वाईट नाही, मीही वर्गात तोच शिकवते. पण तो चुकला म्हणून इमारत खचत नाही. अशा वेळी मोजायचं असतं."

यजमान ओशाळले. प्लंबरचा लांब टेप घेऊन ते गच्चीवर गेले आणि कठड्यावरून खाली सोडला.

"बावीस पूर्णांक नऊ," त्यांनी वरून सांगितलं.

बाईंना हायसं वाटलं. तरी त्या गर्दीकडे वळल्या.

"आता तुमच्यापैकी कोणीतरी वर जा आणि पुन्हा मोजा. बाबांचं ऐकलंत तसं आमच्या ह्यांचंही नुसतं ऐकू नका."