पत्र्याचा वीर

१९६३ च्या हिवाळ्यात अकोल्याच्या मेळ्यात खेळाचं एक यंत्र आलं होतं. काचेच्या पेटीत पत्र्याचा एक वीर होता. डावी दांडी ओढली की तो गच्चीवरून गच्चीवर उडी मारायचा, उजवी ओढली की गुंडांना बुक्की हाणायचा. भगवंत आठवडाभर बहिणीजवळ त्याचंच कौतुक करत होता. "ताई, असा खेळ साऱ्या वऱ्हाडात नाही. तू खेळूनच पाह्य!"

पार्बताबाई असला कुठलाच खेळ कधी खेळली नव्हती. भावाच्या हट्टाखातर ती त्याच्याबरोबर अकोटहून एसटीनं अकोल्याला आली. रांगेत उभं राहून तिलाही हुरूप आला. पण दोन्ही दांड्या एकदम धरायच्या होत्या, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेली. भगवंत ते विसरूनच गेला होता.

"उजवी मी धरतो," तो ओशाळून म्हणाला. तिनं डावी दांडी ओढली, पण भगवंतानं उजवी उशिरा ओढली आणि वीर खाली कोसळला. मागचे लोक हसले.

"सरक, मी दाखवतो तुले," म्हणत भगवंतानं दोन्ही दांड्या घेतल्या. त्यानं सगळे गुंड लोळवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पार्बताबाई हात पदराखाली झाकून गर्दीच्या मागं उभी राहिली.

परतीच्या एसटीत तो खुशीत होता. "मजा आली ना, ताई? पुढच्या साली पुन्हा येऊ."

"तू ये," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "मले बलावू नको."