पाळीचं लाटणं

अकरा वाजता लाईट आली आणि मिनिटभरात गेली. खांबावरच्या डीपीवर फट् आवाज झाला. प्रमिलाबाईंच्या गिरणीचा पट्टा दोन फेरे फिरून थांबला.

"गयी माय," भिंतीला टेकलेली भिकुबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. राग पहिल्याच वेळी संपला होता.

तिच्या दोन पाट्यांत बिबड्यांची, म्हणजे उन्हाळी पापडांची, ज्वारी होती. तीन दिवस भिजलेली, रात्रभर निथळलेली, आज भरडलीच पाहिजे अशी. उद्या ती हातची जाईल, हे प्रमिलाबाईंना नुसत्या वासावरून कळत होतं. भिकुबाईमागे आणखी सात जणी बसल्या होत्या, सात जणींच्या पाट्या, सात जणींचं ऊन वाया चाललेलं.

शिरपूर रस्त्यावरच्या त्या गल्लीला डीपी एकच. त्यावर तीन मोटारी: ही गिरणी, समोरचं ललितचं वेल्डिंग, कोपऱ्यावरचा रुपचंदभाऊंचा तेलघाणा. एक मोटार डीपीला झेपते, दोन लागल्या की ती कण्हते, तिन्ही लागल्या की फ्यूज उडतो. मोठ्या डीपीचा अर्ज तिघांनी मिळून दिला, त्याला दोन वर्षं झाली. उत्तर एकच: सबस्टेशनवरच लोड शिल्लक नाही, थांबा.

आणि थांबायचं तर कुणालाच जमत नव्हतं. लाईट चारपर्यंतच. ती आली रे आली की तिघंही खटके दाबत.

वायरमन योगराज फ्यूज बसवून खांबावरून उतरला. "अक्का, आता चौथ्यांदा नाही चढणार. तुम्ही आपसात बघा."

प्रमिलाबाई रस्ता ओलांडून ललितकडे गेल्या. "जरा थांब ना रे."

"मी थांबतो अक्का, अन् मागच्या मंगळवारसारखी तुम्ही गिरणी लावता. शाळेचं गेट आज द्यायचंय मला."

प्रमिलाबाई आल्या पावली वळल्या. मंगळवारी त्यांनी तसंच केलं होतं.

परत आल्या तर भिकुबाई पाटीतून लाटणं काढत होती. गल्लीतल्या बायांचं पाळीचं लाटणं ते. उन्हाळ्यात ज्या घरी ते पोचेल त्या घरचे पापड. त्या दिवशी बाकीच्या आपापलं काम ठेवून तिथे लाटायला. काल ते शेजारच्या मयुरीकडून भिकुबाईकडे आलं होतं. पापडांची चूल सगळ्यांकडे एकाच दिवशी पेटत नसे.

"बठ्ठ्या जणी एकच रोज चुल्हा पेटाडतस का?" भिकुबाई म्हणाली. "घे माय. पयले तुन्ही पाळी."

प्रमिलाबाईंनी लाटणं घेतलं. मधोमध झिजलेलं, हातांनी गुळगुळीत झालेलं. पहिली पाळी आपण घेतली तर समोरचा का विश्वास ठेवेल? त्या पुन्हा रस्ता ओलांडून गेल्या आणि लाटणं ललितच्या हातात दिलं.

"सव्वा वाजेपर्यंत तू. मग सव्वातीनपर्यंत रुपचंदभाऊ. मग मी. लाटणं हाती नसेल त्याने खटका दाबायचा नाही."

मागून भिकुबाई ओरडली, "अन् मन्ही ज्वारी?"

"थांबेल माय," त्या म्हणाल्या. थांबेल असं त्यांना वाटत नव्हतं.

ज्वारी सावलीत पसरली. आठ जणी हाताने वरखाली करत राहिल्या. दाणा हलव, वारा लागू दे, वास घे, पुन्हा हलव. समोर ठिणग्या उडत होत्या. सव्वा वाजता ललितने लाटणं कोपऱ्यावर नेऊन दिलं, मग घाण्याची घरघर सुरू झाली. फ्यूज टिकला. सव्वातीन झाले, साडेतीन झाले, घाणा चालूच. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रमिलाबाईंनी कोणाकडेच पाहिलं नाही.

मग घरघर थांबली. रुपचंदभाऊ स्वतः लाटणं घेऊन आले, तेलकट हातांनी.

"उशीर झाला अक्का. हा घाणा संपेल संपेल म्हणत राहिलो. अर्धा तसाच सोडलाय, पेंड आता दगड होईल."

पट्टा फिरला. चारला लाईट गेली तेव्हा सगळ्यांची एकेक पाटी झाली होती, भिकुबाईची दुसरी तशीच राहिली होती. तिने मूठभर ज्वारी नाकाशी नेली.

"आंबट बिबड्या जवाईसले आवडतस," ती म्हणाली, आणि लाटणं पदराने पुसून पाटीत टाकलं. "हाई मन्हं. सकाय मन्हा घर पापड लाटाना शेतस. तुम्ही दुसरं पाहा."

संध्याकाळी प्रमिलाबाईंनी घरातलं एकुलतं एक लाटणं उद्याच्या पहिल्या पाळीसाठी ललितच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. पोळ्यांची कणीक भिजवलेली होती. ती झाकून ठेवून त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसल्या.