खांड गेली

आमची दिपिका उंबरगावकडची. तिच्या माहेरी साखरेला खांड म्हनतात, हे मला लग्नाला वर्ष झालं तरी ठाऊक नव्हतं. सुनेशी चार शब्द बोलायला सासूला सवड कुठं असते.

आमच्याकडं खांड म्हंजे खाडीचा बांध फुटून पडलेलं खिंडार; बांध फुटला की खांड गेली म्हनायचं. त्या सकाळी ओहोटीला शेतावर गेले तर बांधाला हातभर खांड. खेकड्यानं बीळ केलं असनार, मेल्यानं. शेतातलं पावसाचं गोडं पानी तिथून खाडीत पळत होतं. अवसेचं उधान, दुपारी मोठी भरती यायची, आनी लावनी आत्ता कुठं उरकलेली. खारं पानी एकदा शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको.

घरी फोन लावला. "दिपिका, खांड गेली गं, अल्पेशला कळव," एवढं बोलले नि रेंज गेली. अल्पेश माझा मुलगा, कामनच्या गोदामात सकाळच्या पाळीला. तो येईस्तोवर मी एकटीच चिखल टाकायला लागले. टाकावा तेवढा वाहून जायचा.

धर्माला हाक मारली असती तर लगेच आला असता. धर्मा माझा धाकटा दीर, घर आमच्या शेजारीच. पन त्यानं बाजूच्या शेतात माती भरून ते गोदामाला दिलं, तेव्हा मी चारचौघांत बोलले होते, "तू आता शेतकरी नाय. माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाय." तेव्हापासून बोलनं बंद. मोडेन पन वाकनार नाय, असा माझा स्वभाव. भात गेलं तरी चालेल, त्याला बोलवनार नाय, असं मनाशी म्हटलं. आनी मग रडायलाच आलं, कारन भात गेलेलं मला चालनार नव्हतं.

तेवढ्यात छपछप ऐकू आली. खाडीच्या बाजूनं, मांडीभर चिखलातून, धर्मा येत होता. डोक्यावर रिकाम्या गोन्या, हातात फावडं.

"इकडं कुठं?" मी विचारलं.

"बांधावर पाय नाय ठेवला, वयनी. चिखलात ठेवलाय."

तो खालून गोन्या भरून देत गेला, मी वर रचत गेले. भरतीचं पानी त्याच्या छातीला लागलं तोवर खांड बुजली होती. मी आतल्या बाजूला हात लावून बघितलं, थेंब येत नव्हता.

मग दिपिका आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात साखरेनं भरलेली वाटी.

"आई, खांड आणली," ती म्हनाली. "डबा रिकामाच होता, पण एवढ्यासाठी ह्यांना कामावर कशाला कळवायचं. काकांकडे मागायला गेले, म्हटलं आईंचा फोन आलाय, आमची खांड गेली, तर ते ताटावरून उठून पळालेच. मग काकींनी वाटी भरून दिली."

मला हसू आवरेना. धर्मा मात्र हसला नाय.

"म्हंजे तू नव्हतं बोलवलंस," तो म्हनाला. तोंड पार उतरलं त्याचं. फावडं उचलून तो आल्या वाटेनं, आता पान्यातून, परत निघाला.

माझं हसू जागच्या जागी विरलं. "भावजी," मी म्हटलं, कितीतरी दिवसांनी. "वर या. चहा बांधावर बसून पितात. आनी आता मी बोलवतेय."

तो थांबला. खाडीच्या पान्यात त्यानं आधी दोन्ही पाय धुतले, मग बांधावर ठेवले.