आवाजाची चाचणी

“पोरीला बाहेर ठेवलंस?” बाबांनी पियानोवरून मानही न वळवता विचारलं.

“झोपलीय. खिडकीतून दिसते मला.”

“आमच्याकडं अमेरिकेत काळं पोर असं रस्त्यावर कुणी सोडलं नसतं.”

“हे कोपनहेगन आहे, बाबा. सगळ्यांच्याच बाळांच्या गाड्या बाहेर असतात.” तरी मी खिडकीपाशीच उभी राहिले. बाळाच्या अंगावरची दुलई वरखाली होतेय ना, एवढंच बघत.

या जॅझ क्लबात बाबा अठरा वर्षं वाजवत होते. अमेरिकेहून कुणीही वादक येवो, पियानोच्या साथीला लेम्युएल ग्रीर, म्हणजे बाबा, ठरलेले. आज तर क्लिओटिस येणार होता, सेंट लुईसचा त्यांचा बालमित्र, आता मोठा सॅक्सोफोनवाला. बाबांनी खाटकापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना रात्रीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं होतं.

क्लबचा मालक प्रेबेन माझ्याजवळ येऊन कुजबुजला, “क्लिओटिसनं रात्री पियानोवर त्या तरुण अस्गरला मागितलंय. अस्गरची आगगाडी उशिरा आहे, म्हणून आवाजाच्या चाचणीपुरतं तुझ्या वडलांना बसवलंय. तू सांगशील त्यांना?”

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

“मला कसं जमेल? अठरा वर्षांची ओळख.”

मला तरी कुठं जमणार होतं? मी परत दुलईकडे बघायला लागले.

क्लिओटिस आला. गळामिठी झाली, पाठीवर गुद्दे झाले. “काय रे लेम्या, लोणी खाऊन सुटलास की!”

“तुझ्यासारखा वाळलो नाही एवढंच!”

दोघं वाजवायला लागले. मला संगीतातलं फार कळत नाही, पण बाबांचा चेहरा कळतो. इतके तरुण ते मला माहीतच नव्हते. दिवे लावणारा शिडीवर तसाच थांबला.

सूर थांबले. बाबा हसून म्हणाले, “रात्री हेच पहिलं घेऊ.”

क्लिओटिसनं प्रेबेनकडे पाहिलं. प्रेबेननं जमिनीकडे.

“रात्री तो पोरगा आहे, लेम. अस्गर. तुला सांगितलं नाही कुणी?”

बाबांनी हात पट्ट्यांवरून खाली घेतले. मग हळू विचारलं, “माझं काही चुकलं का?”

“चुकत नाही, तेच तर! स्वच्छ वाजवतोस. तिकडं आपली माणसं अजून मार खातात, तुझ्या वाजवण्यात मात्र आता कुणाला मार पडत नाही रे.”

“म्हणूनच तर इथं आलो होतो.”

“आणि तो इथलाच गोरा पोरगा?” मी मध्येच बोलले. “त्याला कुणी मारलं?”

क्लिओटिसनं खांदे उडवले. “तो आमच्या तबकड्या ऐकून शिकलाय, पोरी. आम्ही आज तिकडं जसे आहोत, तसं तो वाजवतो.”

“इंगर, गप्प बस,” बाबा म्हणाले.

दार उघडून अस्गर धापा टाकत आत आला. उंच, कोवळा. “माफ करा, मिस्टर ग्रीर...” त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बाबा उठले. अस्गर बसला तर त्याचे गुडघे पियानोला टेकले.

“ऊठ जरा.” बाबांनी खाली वाकून स्टुलाचे दोन्ही स्क्रू फिरवून ते खाली घेतलं, तळवा दाबून डगमगत नाही ना ते पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि पट्ट्यांवरचा स्वतःचा घाम पुसायला घेतला, खर्जापासून वर. ध्वनिक्षेपक चालूच होते. एकेक पट्टी रिकाम्या क्लबात वाजत गेली, पार शेवटच्या पट्टीपर्यंत.